शिष्टाईवाले महाराज

ब्रह्मगिरीची फेरी अर्धी झाली तेव्हा बहिरू महाराज धापा टाकत एका दगडावर टेकले.

"गाडीत बसून बसून दम पुढाऱ्याचा झाला तुमचा," मी म्हटलं.

"दमच कशाला साधनाताई, जीभ पण."

महाराज आमच्या भजनी मंडळाचे जुने कीर्तनकार. कृष्णशिष्टाईचं आख्यान लावावं तर त्यांनीच. कौरवांच्या दरबारात पाच गावं मागणारा कृष्ण ते असा उभा करायचे, की बायका पदर डोळ्याला लावायच्या. ती गर्दी बघूनच पक्षानं त्यांना जिल्हा परिषदेचं तिकीट दिलं. निवडूनही आले. मग कुठं लोक चिडले की समजूत घालायला महाराज पुढे आणि पक्षाचे साहेब लोक मागं गाडीत. पेपरवाल्यांनी नाव पाडलं, शिष्टाईवाले महाराज. आम्हालाही कौतुकच होतं त्याचं.

यंदाच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन तुम्हीच करा, एवढं सांगायला मी फेरीत त्यांच्या सोबत आले होते. सांगितलं, तर ते खाली बघत म्हणाले,

"देवळ्याकडे एका गावात बाया रस्त्यावर बसल्या होत्या ना, खडी क्रशर बंद करा म्हणून? मी गळ्यातल्या माळेवर हात ठेवून सांगितलं, आठ दिवसांत बंद होईल. गोजराबाई म्हणून एक म्हातारी आहे, ती आधी उठली. म्हणाली, म्हाराज खोटं बोलत नाय. मग तिच्यामागं सगळ्याच उठल्या."

"आणि बंद झालाच नाही."

"होणारच नव्हता. साहेबांनी गाडीतच सांगितलं होतं मला, नुसतं उठवा त्यांना."

मी त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. तुळशीची माळ अजून त्यांच्या गळ्यात होती.

"आता क्रशर रात्रंदिवस चालतो. भाकरीवरसुद्धा धूळ बसते तिच्या घरात. कबूल करायला मी दोनदा जाऊन आलो, ताई. दारात पाऊल ठेवायच्या आत ती वाकून पाया पडते. म्हणते, तुमचा शब्द हाय म्हाराज, आज ना उद्या व्हईलच. ती पाया पडली की खरं तोंडातून निघतच नाही माझ्या. आशीर्वाद देतो नि परत येतो."

"मग?"

"काल्याचं दुसऱ्या कुणाला सांगा. तुम्ही माझ्याबरोबर तिच्याकडे चला. ती वाकायला लागली की तिचे दोन्ही हात धरा, आणि माझं सगळं सांगून होईपर्यंत सोडू नका."