डॉक्टर सांगतील

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या जळगावच्या कॉलेजात एम.एस्सी. नर्सिंगच्या मुलींनी काय शिकावं, ते ठरवायला बसलो होतो. 'पेशंटची अवस्था नातेवाइकांना स्वतः समजावून सांगता येणे' हे उद्दिष्ट मीच सुचवलं.

नव्वदच्या सुमारास धुळ्यात नर्सिंग शिकताना आपल्याला नेमकं उलटं शिकवलं होतं, आठवतं? भडगावकडची एक म्हातारी वॉर्डात माझा हात धरून रोज मुलाबद्दल विचारायची, "बाई, मना पोऱ्या कसा शे?" तो खालावत चाललाय, हे मला दिसत असायचं. तरी उत्तर ठरलेलं, "डॉक्टर सांगतील."

मीटिंग संपवून मी दवाखान्यात गेले. माझे वडील, नाना, आठवडाभर आयसीयूत होते. दाराशी माझीच जुनी विद्यार्थिनी ड्यूटीवर होती.

"कसे आहेत गं नाना?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "मॅडम, तुम्ही बसा ना. डॉक्टर सांगतील."

मी बसले. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. थोड्या वेळाने डॉक्टर आले आणि नाना गेल्याचं त्यांनी सांगितलं.

तुमच्यापैकी कुणी कधी डॉक्टरांची वाट न बघता स्वतः सांगितलंय का? कोणत्या शब्दांत सांगितलं, ते लिहा. मुलींना शिकवायचंय, आणि मला ते शब्द माहीत नाहीत.