पानावर आडवा हात

शिरूरच्या शाळेत मराठी शिकवायला मी रुजू झाले, त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर स्टीलचा तांब्या होता. त्यात बाभळीची एक वाकडी फांदी आणि शेवंतीचं एकच फूल. कुणीतरी कचरा टाकायचा विसरलं असेल म्हणून मी उचलायला गेले, तर मागून आवाज आला, “हात नका लावू बाई, तासभर लागलाय त्याला!” या चित्रकलेच्या विमलताई. तेवढ्यात मुख्याध्यापक आले. ताईंचं माहेर यवतचं, घरची शेवंतीची शेती, हे त्यांना ठाऊक. “बाई, एकच फूल? बाकीची कुठं गेली?” ताई शांतपणे म्हणाल्या, “सर, ती अजून झाडावरच हायत.”

जवळच्या कारखान्यात आलेल्या जपानी साहेबांच्या पत्नी मिचिकोबाई ताईंकडे रांगोळी शिकायला येत. त्या बदल्यात ताईंनी ही पुष्परचना शिकून घेतली. मग तिकडची चित्रं, तिकडचं जेवण, मोडकीतोडकी भाषा. ताईंना कुठलीच गोष्ट अर्धी आवडत नाही.

निमोण्याला ताईंच्या सासरी मिचिकोबाईंना पुरणपोळीचं जेवण होतं, तो दिवस मी विसरणार नाही. आपल्याकडे खाणाऱ्यानं पानावर आडवा हात धरल्याशिवाय वाढणारा थांबत नाही. मिचिकोबाईंच्या घरची शिकवण अशी, की पानात शीतही उरू द्यायचं नाही. त्या पान चाटूनपुसून स्वच्छ करत आणि ताईंच्या सासूबाई सुनांना ओरडत, “अगं, पान मोकळं पडलंय, वाढ की! पाव्हणी लाजतीया.” मी शेजारीच बसले होते. बाईंच्या कपाळावर घाम, डोळे पाणावलेले, तरी घास चाललेलेच. माझा जीव टांगणीला! परमुलखातली पाहुणी, हिला इथं काही झालं तर?

ताई तव्यापुढून उठून आल्या, मिचिकोबाईंचा हात धरला आणि त्यांच्याच पानावर आडवा ठेवला. सासूबाई थक्क. “आस्सं व्हय! मंग आधी सांगायचं न्हाई का? मी म्हणलं, बया लईच भुकेली!” सगळी पंगत हसली. ताई मात्र मिचिकोबाईंना म्हणाल्या, “माफ करा. आमच्यात दुसऱ्याच्या पानावर हात धरत नाहीत, घास काढून घेतल्यासारखं होतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं म्हणून धरला. पुढच्या वेळी तुमचा तुम्ही धरायचा.”

माझी आई दौंडला दवाखान्यात होती, तेव्हा ताई शिरूरहून एसटीनं डबा घेऊन येत. आईला अन्नाची वासना नव्हती. ताईंनी गुरगुट्या भात आणला, वर लिंबाच्या लोणच्याचा खार. “आजी, जपानात आजाऱ्याला हेच देतात. फक्त लोणचं वेगळं.” आई म्हणाली, “म्हंजी ती बी आपल्यासारखीच की!” आणि चार घास जेवली. ते चार घास मी जन्मभर विसरणार नाही.

निवृत्तीनंतर ताई जपानला गेल्या, एकट्या, पिशवीत शेंगदाण्याची चटणी घेऊन. पोचल्यावर फोन करा, असं मी दहादा बजावलं होतं. फोन येईना. तिकडे भूकंप होतात, हे मला तेव्हाच आठवायचं होतं! अखेर संध्याकाळी ताईंचा आवाज आला, “अगं, शेवया खात होते. इथं फुर्रफुर्र आवाज करून खाल्लं की खूश होतात. आमच्या मामंजींना आणायला हवं होतं!” मी त्यांच्यावर चिडले आणि मग रडले.

हे मी ताईंच्या गौरवअंकासाठी लिहितेय, पण सगळं आठवायचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात ताई यवतच्या बसथांब्यावर चक्कर येऊन पडल्या. पुण्यात हृदयाची तपासणी झाली, स्टेंट बसला. आणि येत्या महिन्यात त्यांचं जपानचं तिकीट आहे! तिथं शेवंतीचं मोठं प्रदर्शन भरतं, ते त्यांना पाहायचंय. डॉक्टर म्हणतात, जपून जायला हरकत नाही. त्यांचा मुलगा सुहास मात्र पार धास्तावलाय. परवा त्याचा फोन आला, “मावशी, आई तुमचं ऐकते. लेखाच्या शेवटी लिहा ना, आता घरी विश्रांती घ्या म्हणून. चारचौघांत छापून आलं की तिला तुमचा शब्द मोडवणार नाही.”

मी तसं लिहिलंही होतं. भीती त्याच्याइतकीच मलाही आहे. तिकडे रस्त्यात चक्कर आली तर? यांची मोडकीतोडकी भाषा कुणाला कळेल? लिहिलेलं पुन्हा वाचलं आणि निमोण्याची ती पंगत डोळ्यांपुढे आली.

सुहास, रागावू नकोस. ताईंचं पान अजून मांडलेलं आहे आणि त्यांनी त्यावर हात आडवा धरलेला नाही. तो आपण धरायचा नसतो.

म्हणून सर्व स्नेह्यांच्या साक्षीनं एवढंच मागते, की ताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य मिळो, आणि ते त्यांनी त्यांच्या आवडीनं जगावं. ताई, गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. आणि विमानातून उतरल्यावर शेवया नंतर खा, आधी फोन करा.