बारला हात लावायचा नाही

अमरावतीत ‘जिम’ हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता, तेव्हा माझ्या बाबांनी अचलपूरच्या लोहाराकडून लोखंडी बार आणि प्लेटा करून आणल्या, त्याही एसटीच्या टपावर टाकून. कंडक्टर म्हणे, “हे काय बैलबंडीचं सामान हाय काय?” एका बाजूची प्लेट किलोभर जड निघाली. बाबांकडे शिकायला आलेल्या पहिल्या पोट्ट्यांचा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड झाला तो त्यामुळेच, असं आई सगळ्यांना सांगायची आणि बाबा चिडायचे.

टिनाच्या शेडमध्ये त्यांची व्यायामशाळा. फुटाणे, शेंगदाणे आणि ज्वारीची भाकर, एवढ्यावर कमावलेलं शरीर. स्पर्धेत अंगाला करडीचं तेल चोळून उभे राहायचे. आईला त्याची भारी लाज. “साऱ्या गावापुढं चड्डीवर उभे राह्यता, काही वाटते काय?”

शेडमधला एक नियम फार कडक. कोणी पाठीवर झोपून छातीवर बार घेतला, की डोक्याशी दुसऱ्यानं उभं राहायचं. हात बारखाली ठेवायचे, पण लावायचे नाहीत. खालचा माणूस ‘घे’ म्हणेल तेव्हाच उचलायचं. थरथरू दे, लालबुंद होऊ दे. त्याआधी कोणी हात लावला की बाबा खवळायचे. “काहून हात लावला बे? तो हारला होता काय? त्याची मेहनत तू काहून चोरली?” खुद्द बाबांच्या डोक्याशी मी उभी राहायची, बारा वर्षांची असल्यापासून. दुसऱ्या कोणावर त्यांचा भरवसा नव्हता. काय माज होता मला त्याचा!

आई गेल्यावर मी त्यांना अकोल्याला माझ्याकडे आणलं. वय ऐंशीच्या घरात, गुडघे गेलेले. सकाळी खाटेच्या काठावर बसायचे, दोन्ही हात मांड्यांवर दाबायचे आणि तिसऱ्या-चौथ्या झटक्याला उठायचे. एकदा मी दंडाला धरून उठवलं, तर दोन दिवस बोलले नाहीत. तेव्हापासून मी नुसती समोर उभी राहायची, हात पुढे करून, न लावता. म्हातारा हट्टी, आणि मी त्याच्याच वळणावर गेलेली.

त्या दिवशी नवरा ड्यूटीवर गेला होता. बाबा काठावर बसले, जोर लावला, उठले नाहीत. पुन्हा लावला. उजवा हात मांडीवरून घसरला. चेहरा लाल, ओठ हलताहेत, आवाज नाही. मला वाटलं, दम घेऊन राहिले. मी म्हटलं, “लावा बाबा, जोर लावा. होते, होते.” अगं माय, असं म्हटलं मी! दूध उतू गेलं म्हणून मी गॅस बंद करून आले, तरी ते तसेच. मी पुन्हा हात पुढे करून त्यांच्या ‘घे’ची वाट बघत उभी. पाच मिनिटं गेली की वीस, खरंच सांगता येत नाही. तोंड एका बाजूला ओघळलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते केव्हाचे ‘घे’च म्हणून राहिले होते, शब्द निघत नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, “त्रास कधी सुरू झाला?”

“आत्ताच,” मी म्हटलं. “लगेच आणलं.”

खोटं का बोलले? शरम, दुसरं काय! त्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. थोडं आधी आणलं असतं तर बोलले असते काय, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. विचारायचं तर आधी खरं सांगावं लागलं असतं.

आता दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवते, पुसते, भरवते. सगळीकडे हात लावते, विचारत नाही. त्यांना रागावताही येत नाही. वाटतं, एकदा शिव्या तरी द्या हो बाबा.

परवा अमरावतीहून त्यांचा जुना पोट्टा आला, आता स्वतः साठीचा. बाबांचा वाळलेला हात धरून रडला. मग डोळे पुसून मला म्हणाला, “ताई, तुमी होत्या म्हून उस्ताद वाचले. दुसरं कोनी असतं तं घाबरून नुसतं पाहत राह्यलं असतं. तुमी एक मिनिट नाई घालवला, दाजी सांगून राहिले होते मले.”

बाबांना सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. ते टक लावून माझ्याकडे बघत होते. त्या सकाळी खोलीत आम्ही दोघंच होतो.

“हो,” मी म्हटलं, “लगेच नेलं त्यांना.”