विसानंतरची जागा

धुरपता रामटेकेला आता लोक मॅडम म्हणतात आणि तिच्या हुशारीच्या गोष्टी तिखटमीठ लावून सांगतात. हुशार ती होतीच. पण प्रवेश परीक्षेच्या दिवशी तिच्याइतकी वेडी मुलगी नागपुरात दुसरी नसेल. मी तिच्या मागच्याच बाकावर होते, म्हणून सांगते.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. आम्ही दोघी चंद्रपूरला बी.एस्सी. झालो होतो. एम.एस्सी.साठी दूरच्या एका विद्यापीठाची देशभरातून एकच परीक्षा होती: जागा पंचवीस, प्रश्न शंभर, वेळ दोन तास. आदल्या साली धुरपताचा अर्ज उशिरा पोचला होता आणि पुढच्या साली तिचं वय बसत नव्हतं. म्हणजे ही एकच खेप, नाहीतर कुरखेड्याजवळच्या गावात जन्मभर धान आणि तेंदूपान. माझं काय, माझे वडील तहसिलीत कारकून. मी हौसेनं गेले होते.

परीक्षेच्या आदल्या सकाळपर्यंत ती आईसोबत फडावर होती. विडीच्या तेंदूपानांचे पुडे मोजून वाळायला मांडतात, त्या मैदानाला आमच्याकडे फड म्हणतात. तिची आई सीताबाई शाळेत गेली नव्हती, पण मोजणीत ठेकेदाराचा मुन्शीसुद्धा तिला वचकून असायचा. वीस पुडे रांगेत ठेवले की एका पुड्याची जागा खाली, म्हणजे रिकामी, सोडायची, मग पुढचे वीस. खाली जागा मोजल्या की मोजणी झाली. धुरपताच्या हाताला हे वळण अक्षरं गिरवण्याआधीपासून लागलेलं.

उत्तरपत्रिका मशीन तपासणार होतं. प्रश्नाच्या आकड्यासमोर चार गोल, त्यातला बरोबर तो पेन्सिलीनं काळा करायचा. चुकलं तर पाव गुण कापणार, कोरं सोडलं तर काही नाही. दीड तास तिचा हात थांबला नाही. मला तिचा हेवा वाटत होता, खोटं कशाला बोलू. मग एकदम तिची पाठ ताठ झाली आणि ती उभी राहिली.

"सर, चार प्रश्न बाकी आहेत अन् जागाच नाई राह्यली."

देखरेखीवरचे सर आले. त्यांनी पत्रिकेवरून बोट फिरवलं. "एकविसावी ओळ कोरी का सोडलीत? ही बेचाळिसावी? त्रेसष्टावी, चौऱ्याऐंशीवी?"

धुरपता बघतच राहिली. "ईस झाले होते ना," ती म्हणाली.

कोणीतरी हसलं. मला मात्र लगेच कळलं, कारण मी तिचा फड पाहिला होता.

"दुसरी पत्रिका मिळत नाही. बावीस मिनिटं आहेत," सर म्हणाले.

फडावर मध्ये खळगा राहिला तर शेवटचा पुडा उचलून तिथे ठेवतात. पुड्याला नाव नसतं. उत्तराला असतं. एकविसाव्यापासून तिचं प्रत्येक उत्तर दुसऱ्याच प्रश्नासमोर बसलं होतं. ती खाली बसली आणि एकेक खोडून वर सरकवू लागली. माझे प्रश्न तसेच राहिले, मी तिचा कोपरच बघत होते. तिचं खोडरबर झिजून तुकडे पडले तेव्हा मी माझं तिच्या बाकावर टाकलं. सरांनी ते पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं.

ऐंशीपर्यंत आली तेव्हा दीड मिनिट उरलं होतं. खालची सोळा उत्तरं अजून चुकीच्या जागी होती. ती हलवायला वेळ नव्हता आणि तशीच ठेवली तर गुण खाणार होती. धुरपता क्षणभर थांबली. मग तिनं ती सोळाही पुसून टाकली.

बसस्टँडवर चहा समोर निवत होता आणि ती एकच बोलत होती. "येत होतं वं मले. येत असून पुसलं." मी नुसती तिचा हात धरून बसले.

जुलैत बाजाराच्या दिवशी पोस्टमननं तिचं पत्र माझ्याजवळ दिलं. मी स्वतः नापास झाले होते, तरी धावतच तिच्या बांधावर गेले. धानाची रोवणी चालली होती. चिखलाचे हात पोलक्याला पुसत धुरपतानं पत्र वाचलं, पुन्हा वाचलं.

"झालं का?" सीताबाईनं विचारलं.

"झालं, माय. पंचवीस जागांत एकविसावा नंबर."

सीताबाई बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "एकविसावा म्हंजे इसानंतरची जागा. ते तं आपून खाली सोडतो."

धुरपतानं पत्राची घडी घातली. तिचे डोळे भरून आले होते.

"बरं झालं खाली सोडत होतो," सीताबाई म्हणाली. "तुह्यासाठीच होती मंग ते." आणि खाली वाकून तिनं रोपांची पुढची पेंडी सोडली.