फ्यूजला गुंडाळलेली तार

कुरकुंभच्या कंपनीत मी इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. फ्यूजला तार गुंडाळलेली दिसली की माझं डोकंच फिरतं. असं करणाऱ्या दोघांना मी अख्ख्या शिफ्टसमोर इतकं झापलंय, की ते अजून कँटीनमध्ये माझ्या टेबलाकडे फिरकत नाहीत. आणि शिरूरला मामांच्या घरी, भर दुपारी, तेच मी माझ्या हातानं केलं.

मामा तरुणपणी ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. त्यांचा, बल्बसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर कधीच भंगारात गेला. एसीचं डीसी करणारा त्यातला रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि तसलाच एक जादाचा, एवढे मात्र त्यांनी कापसात गुंडाळून डब्यात जपले होते. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. वाढत जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामा मला म्हणाले, "हात चालतोय तवर त्यो आवाज परत ऐकायचाय. बनवशील का?"

मग दौंडहून दर सुट्टीला मोटरसायकलवर शिरूर. चौफुल्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो की हॉर्नवरचा अंगठा निघायचा नाही. जुन्या सर्किटच्या नकाशाबरहुकूम ॲम्प्लिफायर उभा केला आणि डब्यातला एक व्हॉल्व्ह त्यात बसवला. मामांनी पहिल्यांदा ऐकून एवढंच म्हटलं, "जरा घरघर येतीया." मला ते झोंबलं. करंट साठवून घरघर दाबणारा, व्हॉल्व्हलगतचा कंडेन्सर लगेच काढून चांगला दांडगा बसवला. घरघर गेली. एवढा मोठा कंडेन्सर त्या व्हॉल्व्हला चालत नाही, हे मला ठाऊक होतं. रिकामा असला की तो एकदम एवढा करंट ओढतो, की व्हॉल्व्हला सोसत नाही. थोड्यानं काय होतंय, असं म्हणून मी मोकळा झालो.

त्या रविवारी ॲम्प्लिफायर चालू असतानाच लाईट गेली आणि लगेच आली. व्हॉल्व्ह तापलेला, कंडेन्सर रिकामा. आत निळी ठिणगी चमकली आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तासाभरानं तोही तसाच उडाला. तिसरा माझ्याकडे नव्हता आणि दुकान बंद. मामा मांडीवर गिटार घेऊन थांबले होते. म्हणाले, "आज हात बरा हाय बघ."

त्या वाक्यानं मला धीर धरवेना. वायर सोलली, तांब्याचा एक पदर काढला आणि उडालेल्या फ्यूजला गुंडाळला. पाचेक मिनिटं काय सुंदर वाजलं! मग लाईट पुन्हा क्षणभर जाऊन आली. व्हॉल्व्हमध्ये लखकन झालं, जळका वास आला, मी पिन उपटली. ट्रान्सफॉर्मर थोडक्यात वाचला. व्हॉल्व्ह गेला. मला स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

मामांनी आतून डबा आणला आणि दुसरा व्हॉल्व्ह माझ्या हातावर ठेवला. "ह्यो शेवटचा. घाई करू नगंस."

पुढचे दोन रविवार मी पाणी प्यायलाही उठलो नाही. कंडेन्सर मूळ मापाचा लावला. व्हॉल्व्हच्या दोन्ही प्लेटांकडे जाणाऱ्या वायरींत एकेक डायोड घातला, म्हणजे आत ठिणगी उडाली तरी करंट उलटा फिरणार नाही. ट्रान्सफॉर्मरच्या हाय व्होल्टेजच्या बाजूला योग्य मापाचा वेगळा फ्यूज दिला. लाईट गेली की बटण बंद करायचं, व्हॉल्व्ह गार होऊ द्यायचा, मगच चालू करायचं, हे घरात सगळ्यांना बजावलं. घरघर थोडी परत आली. मी ओशाळून मामांकडे पाहिलं. ते म्हणाले, "आसू दे. तवा बी यायचीच."

मामा वाजवू लागले. मी बटणावर बोट ठेवून व्हॉल्व्हच्या तांबूस उजेडाकडे टक लावून बसलो. पंखा जरा मंदावला तरी दचकत होतो. वाजवणं थांबलं.

"कसं झालं?"

"झकास, मामा."

"काय वाजवलं?"

मला सांगता येईना.

मामांनी गिटार बाजूला ठेवली, उठले आणि माझी खुर्ची धरून भिंतीकडे फिरवली. "हिकडं तोंड करून बस. त्यो जाईल तवा जाईल. माझा हात बी जायचाच हाय. तू निस्तं ऐक."

त्यांनी तेच गाणं पुन्हा सुरू केलं. मी ॲम्प्लिफायरकडे पाठ करून बसलो आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.