झाकण उघडण्याबाबत

विषय : आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीच्या गच्चीवरील पेलेट ग्रिलचे तापमान एकसारखे न राहणे.
संदर्भ : दर रविवारची संध्याकाळ.

उपरोक्त विषयान्वये सादर करण्यात येते की, फायलींवर धूळ साठते तसे शेगडीभोवती किस्से साठतात. धूळ निदान झटकता येते. किस्से सांगावे लागतात, आणि घरी ऐकायला कोणी नसलं की लिहावे लागतात.

पेलेट ग्रिल म्हणजे लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळणारी विजेची शेगडी. मोटर गोळ्या ढकलते, पंखा वारा घालतो, झाकणाखाली पदार्थ भाजतो आणि बाहेर आकडा दिसतो. माझ्या मुलाने, निखिलने, ती हौसेने घेतली आणि तो कॅनडाला गेला. शेगडी विमानातून नेणं परवडत नव्हतं. मला तिकडची थंडी परवडत नव्हती. म्हणून आम्ही दोघं इथेच राहिलो.

पण वासाने माणसं गच्चीवर येऊ लागली! तिसऱ्या मजल्यावरचे सावंत बांगडे घेऊन, सोसायटीच्या सेक्रेटरी देशपांडेबाई पनीर घेऊन, आणि मूळचे बोनकोडे गावातले म्हात्रे रिकाम्या हाताने. ती येत राहावीत, एवढीच माझी गरज. भाजणं चांगलं झालं तर येतील, असा माझा हिशेब.

*

एकशे दहा अंश लावलं की आकडा कधी पंच्याण्णव, कधी एकशे तीस. निखिलला व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, थोडं वर-खाली होणारच. सरासरी बघा."

सरासरी! आमच्या ऑफिसात अर्धे उशिरा यायचे आणि अर्धे लवकर जायचे, तेव्हा साहेबही सरासरीच बघायचे.

पुढच्या कॉलला त्याने विचारलं, "कसं आहे?"

"एकशे दहा."

"बाबा, तुमचं विचारतोय."

"ते मोजलं नाही."

*

जाळीची शाकाहारी आणि मांसाहारी अशी वाटणी देशपांडेबाईंनी चिठ्ठ्या टाकून केली. डावी बाजू पनीरची, उजवी बांगड्याची. दर रविवारी पनीरचा कोळसा आणि बांगडा अर्धा कच्चा!

शेवटी निखिलच्या सांगण्यावरून, आच कुठे जास्त ते बघायला, जाळीभर ब्रेडचे स्लाइस मांडले. डावीकडचे काळेकुट्ट, उजवीकडचे पांढरेशुभ्र. सावंत म्हणाले, "ही तर आमच्या खात्याची बैठक व्यवस्था! एक कोपरा जळतोय, बाकी कोणाला पत्ताच नाही."

"बाई, आपण बाजू बदलू या का?" मी विचारलं.

"मुळीच नाही! प्रश्न पनीरचा नाही, तत्त्वाचा आहे."

जाळीखालचा उष्णता पसरवणारा पत्रा एका बाजूला सरकला होता. तो सरळ केला. पुढच्या रविवारी पनीर नीट भाजलं, तर बाई म्हणाल्या, "जरा कच्चं वाटतंय हो!"

*

एकदा विस्तव मधेच विझला. हवेतल्या दमटपणाने गोळ्या फुगून भुसा झालेला, मोटर अडकलेली.

म्हात्रे खाडीकडे हात करत म्हणाले, "खारीची हवा हाय दादा! आमचा मीठ पानी होते, तुजा भुसा काय टिकनार?"

मग गोळ्या हिच्या पश्चात रिकाम्या पडलेल्या तांदळाच्या डब्यात भरल्या. झाकण घट्ट आहे. आणि एका माणसाला एवढा मोठा डबा लागतो कशाला?

म्हात्र्यांनी डबा उघडून आत पाहिलं. "पुलाव कवा?"

*

तरीही आकडा नाचतच होता. कारण सापडलं, ते झाकण! सावंत बांगडा बघायला उघडत. देशपांडेबाई हद्द बघायला. म्हात्रे तर आल्याआल्या उघडत. आमच्याकडे नमस्कार करतात तसं. दर वेळी आतली ऊब जायची, यंत्र घाबरून जास्त गोळ्या ढकलायचं आणि आकडा भडकायचा.

मी जन्मभर कारकुनी केलेला माणूस. सोसायटीच्या सभेत ठराव मांडला : 'ग्रिलचे झाकण चालकाव्यतिरिक्त कोणीही उघडू नये.' एकमताने मंजूर! बाईंनी सूचना छापून, लॅमिनेट करून भिंतीवर लावली.

*

पुढच्या रविवारी सावंत आले. हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

"झालं का?"

"अजून तासभर."

"मग झालं की इंटरकॉम करा."

देशपांडेबाईंनी डबा वर पाठवला, भाजून खाली मागवला. म्हात्रे दारातूनच म्हणाले, "हात लावाचा नाय, तं उबा रावून काय करू?" आणि जिना उतरले.

त्यानंतरच्या रविवारी कोणीच आलं नाही. मी खुर्ची टाकून आकड्यासमोर बसलो. एकशे दहा. चहा घेतला, एकशे दहा. समोरच्या बिल्डिंगमध्ये दिवे लागले, एकशे दहा.

निखिलला फोनवर आकडा दाखवला.

"बाबा, परफेक्ट! कसं जमवलंत?"

मी फोन गच्चीभर फिरवला.

"कोणी दिसत नाही?"

"म्हणूनच," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ठराव रद्द करावा म्हणून रीतसर अर्ज केला. कारण लिहिलं : 'तापमान स्थिर राहते.'

देशपांडेबाईंनी चष्मा काढला. "अहो, ठराव तुमचाच. आणि हे काय रद्द करायचं कारण झालं?"

"हो."

"सभेपुढे ठेवते मग."

सभा गच्चीवरच बोलावली होती. गणसंख्येअभावी तहकूब झाली. अर्ज प्रलंबित आहे.