गणवेशाशिवाय जनावराला हात लावू नये

जनावरांच्या दवाखान्यात वीस वर्षं काढली की किस्से शेणासारखे साठतात. वेळेवर उचलले नाहीत तर पाय ठेवायला जागा उरत नाही! मी तिथे पशुधन पर्यवेक्षक. म्हणजे सुई मी टोचायची आणि सही डॉक्टरसाहेबांनी करायची.

आमचे नवे डॉक्टरसाहेब दोन दिवसांच्या ट्रेनिंगला गेले आणि 'प्रोफेशनल' होऊन आले. लोक बाहेरगावाहून पेढे आणतात, यांनी नियमांचा बोर्ड आणला. टोकनशिवाय तपासणी नाही. घरगुती गप्पा नाहीत. आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत : गणवेशाशिवाय जनावराला हात लावू नये.

*

पहिल्याच दिवशी एका बैलाने मालकाच्या हातातलं पुठ्ठ्याचं टोकन खाऊन टाकलं. साहेब आतून ओरडले, "आठ नंबर कुणाचा?"

आमचे परिचर लिंबाजीमामा जनावर धरायला दारातच उभे असायचे. ते म्हणाले, "ज्याच्या पोटात हाय त्याचा, साहेब!"

*

मग 'ग्राहक समाधान' फॉर्म आला. चकलांब्याच्या एका गड्याने गोऱ्हा आणला होता. खच्चीकरण झालं आणि साहेबांनी फॉर्म पुढे केला. शेवटचा प्रश्न होता : 'आपण ही सेवा पुन्हा घ्याल का?'

गड्याने गोऱ्ह्याकडे पाहिलं आणि फॉर्म परत दिला. "त्यालाच इचारा. मी मधी पडत न्हाई!"

*

शेजारच्या गावची एक बाई शेळी घेऊन आली. चार दिवस पाला तोंडात घेत नव्हती. साहेबांनी ताप पाहिला, पोट दाबलं, चिठ्ठीवर तीन औषधं लिहिली. लिंबाजीमामा कोपऱ्यात चुळबुळत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"साहेब, घरगुती इचारू का एक?" आणि परवानगीची वाट न बघता, "बाई, पोरगी नांदाया गेली का?"

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. चार दिवसच झाले होते. शेळी त्या पोरीनेच वाढवली होती. मामांनी बाईच्या मोबाईलवरून पोरीला फोन लावायला लावला आणि शेळीच्या कानाशी धरला. शेळीने तिथल्या तिथे माझ्या हातातला पाला ओढला!

मामांना पहिला मेमो मिळाला. कारण : 'ग्राहकास वैयक्तिक प्रश्न विचारणे.'

*

दुसरा मेमो गाईपायी. चिखलाच्या खड्ड्यात गाय पडली होती. मामांनी गणवेश घडी करून माझ्या हातात दिला आणि बनियनवर खाली उतरले. तासाभराने गाय वर आली. साहेबांनी बनियनचा फोटो काढला.

"गणवेश का काढला?" साहेबांनी मामांना विचारलं.

"खराब झाला तर पुन्हा मेमो द्याल म्हून!"

एवढ्यावर आम्ही हसलो, पण ते हसू टिकलं नाही. तिसऱ्या मेमोला बदली, तीही जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. मामांच्या मालकीणबाईंची, म्हणजे बायकोची, नजर गेलेली. दुपारी मामा घरी जाऊन त्यांना जेवू घालायचे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. मामांनी त्या दिवसापासून गणवेशाचं वरचं बटणसुद्धा उघडलं नाही. मला फार वाईट वाटायचं, साहेबांचा रागही यायचा. पण बोलायची हिंमत माझ्यातही नव्हती, मीही प्रोफेशनलच!

साहेबांनी बनियनच्या फोटोसकट मामांची तक्रार वर पाठवली होती. जिल्ह्याचे मोठे साहेब चौकशीला येणार होते, तिसरा मेमो तेच देणार होते. ते येणार त्याच सकाळी एका तात्यांचा फोन आला. म्हैस अडली होती, पारडू अर्ध्यावर अडकलेलं.

आम्ही तिघे गोठ्यात पोचलो. तात्यांची बायको नारायणगडाला दर्शनाला गेलेली, आणि म्हैस तिच्याशिवाय कुणालाच जवळ येऊ देईना. साहेब पांढऱ्या अ‍ॅप्रनमध्ये मागे गेले की लाथ! तीन वेळा गेले, तीन लाथा.

"आमी धार काढताना बायकोचं लुगडं गुंडाळतो," तात्या म्हणाले. "मंग हलत न्हाई." आणि दोरीवरचं हिरवं लुगडं काढून आणलं.

साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामा हात जोडून म्हणाले, "मी नेसलो असतो साहेब. पण गणवेश! आन् पारडं ओढायचं तर तुमालाच हाय."

पारडाची जीभ निळी पडत होती. साहेबांनी एकदाच बोर्डाच्या दिशेने, म्हणजे गावातल्या दवाखान्याकडे, पाहिलं आणि अ‍ॅप्रन काढला. लुगडं तात्यांनी नेसवलं, पदर मामांनी डोक्यावरून दिला. म्हैस थंड! साहेबांचा हात खांद्यापर्यंत आत गेला.

तेवढ्यात जीप थांबली. दवाखान्याला कुलूप पाहून मोठे साहेब विचारत विचारत थेट गोठ्यात आले होते. एका हातात तिसरा मेमो, दुसऱ्यात सहीचा पेन.

"गणवेश न घालता जनावराला हात लावणारा कोण तो?" ते गरजले आणि हिरव्या लुगड्याकडे बघतच राहिले. "आणि डॉक्टर कुठे आहेत?"

इस्त्रीच्या गणवेशातले मामा झटकन पुढे झाले आणि तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोला, साहेब! डॉक्टर हेच हायेत, पर म्हशीला अजून ठावं न्हाई!"